शेतीच्या कामावरील तरुण गडी : शिकणारा व शिकविणारा

शेतीत भांडवल घालावयाचे म्हणजे विहीर खोदावयाची, ठिबकाच्या नळ्या अंथरावयाच्या, ट्रॅक्टर घ्यावयाचा, असाच अर्थ आपण सामान्यतः समजतो. या प्रत्येक बाबीचा हिशेब चोख बागाइतदार आपल्या वहीत मांडून ठेवितो. परंतु ज्याच्या हातून ही विहीर, ही नळी व हे यंत्र चालावयाचे, त्या कामावरील तरुण मनुष्यास ते काम कोणी, केव्हा व कसे शिकविले, याची नोंद कोणाच्याही वहीत सहसा सापडत नाही. गडी आला, त्यास काम सांगितले, त्याने ते केले किंवा बिघडविले, एवढ्यावरच आपला विचार संपतो. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाबीचा विचार करावयाचा आहे. आणि तो केवळ गड्याच्या हितासाठी नसून मालकाच्या नफानुकसानीसाठीही आहे, हे पुढील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानी येईल.

तरुण गडी या शब्दात येथे अठरा वर्षांवरील सालगडी, ट्रॅक्टरचालक, ठिबकावर देखरेख ठेवणारा मनुष्य, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातील तोडणीची चिठ्ठी देणारा मुलगा, तसेच खुरपणीच्या व वेचणीच्या टोळीतील तरुण स्त्रिया, या सर्वांचा समावेश केला आहे. मालकाचा स्वतःचा मुलगा जर शेतावर राबत असेल, तर तोही याच वर्गात येतो. फरक इतकाच की त्यास पगार मिळत नाही. चौदा वर्षांखालील मुलांस नोकरीवर ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. त्यांचे शिक्षण शाळेतच झाले पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको.

शहागड हे अंबड तालुक्यातील गाव गोदावरीच्या काठी, धुळे-सोलापूर हमरस्त्यावर वसले आहे. या भागात पूर्वी काम शिकण्याची एक ठरलेली पायरीवार रीत होती. तिफणीच्या पेरणीचेच उदाहरण घ्यावे. तरुण पोरास प्रथम बैलांचा कासरा धरावयास मिळे. बैल सरळ चालविता येऊ लागले म्हणजे तिफणीमागे सरते धरून तूर टाकावयास मिळे. चाड्यावर मूठ धरण्याचा मान मात्र जाणत्या माणसाचाच असे. कारण मूठ जरा सैल सुटली तर बी दाट पडते, घट्ट राहिली तर तास रिकामे जातात, आणि ही चूक पुढे चार महिने शिवारात सर्वांस दिसत राहते. तरुण मनुष्य कासरा धरीत असतानाही मागच्या मुठीकडे त्याचे लक्ष असे. कोणी त्यास बसवून शिकवीत नसे, तरी तीन-चार हंगामांत तो तयार होई.

या जुन्या रीतीचे मर्म अलीकडील विद्वानांनीही ओळखले आहे. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह व त्यांचे सहकारी एटियेन वेंगर यांनी १९९१ साली या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. लायबेरिया देशातील शिंप्यांकडील उमेदवार प्रथम तयार कपड्यास इस्त्री करणे, गुंड्या लावणे अशी शेवटची व बिनधोक कामे करितात, नंतर शिवण, आणि सर्वांत शेवटी कापड बेतणे. म्हणजे संपूर्ण कपडा कसा असावा हे त्यांस आधी कळते, आणि नासाडी होण्याजोगे काम शेवटी हाती येते. याच ग्रंथात खाटकाच्या धंद्यातील उमेदवारांचे उलट उदाहरण आहे. मोठ्या दुकानांत नव्या पोरांस मांस बांधण्याच्या यंत्रापाशी उभे केले जाई. तेथून मांस कापणारे जाणते कारागीर त्यांच्या दृष्टीसच पडत नसत. परिणामी वर्षानुवर्षे काम करूनही ते कापणीचे काम शिकू शकले नाहीत. यावरून सिद्धान्त असा निघतो की, मनुष्य कामावर आहे एवढ्याने तो शिकत नाही. जाणते काम त्याच्या नजरेच्या टप्प्यात असले, आणि त्यातील लहानसा वाटा त्याच्या हाती आला, तरच तो शिकतो.

आता आपल्या शेतीकडे वळू. पैठण येथील जायकवाडी धरणाचा पाया १९६५ साली घातला गेला व १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा असून तो छत्रपती संभाजीनगर, जालना व परभणी या जिल्ह्यांतून जातो. पाणी आले तसा ऊस वाढला. शहागडापासून जवळच अंकुशनगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मोसंबीच्या बागा तर जालना जिल्ह्याची ओळखच बनल्या असून जालन्याच्या मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यापाठोपाठ ठिबक, विद्राव्य खते, निरनिराळी औषधे व यंत्रे आली. या सर्व कामांत जुनी पायरीवार रीत मोडली. कारण उघड आहे : तिफणीची मूठ आजोबांस ठाऊक होती, ठिबकाची गाळणी व औषधाच्या बाटलीवरील पत्रक त्यांस ठाऊक नव्हते. ज्या कामात घरातील वडीलधारा मनुष्यच नवखा, ते काम तरुण गड्याने कोणाच्या मागे उभे राहून शिकावे?

येथेच तरुण गड्याची भूमिका बदलते. तो केवळ शिकणारा राहत नाही. तो बहुधा शाळेत गेलेला असतो, पत्रक वाचू शकतो, भ्रमणध्वनीवर माहिती शोधतो, आणि चार ठिकाणी काम करून आलेला असल्यामुळे एका शेतावरची रीत दुसऱ्या शेतावर नेतो. नवे ज्ञान शेतात शिरण्याचा तो एक दरवाजाच होय. मात्र हा दरवाजा आतून बंद ठेवण्याचे सामर्थ्य मालकाच्या हाती आहे. 'तुला काय कळते, सांगितले तेवढे कर,' या एका वाक्याने तो बंद होतो, आणि पुन्हा सहजासहजी उघडत नाही.

एक साधे उदाहरण देतो. मोसंबीच्या बुंध्यास लावावयाच्या बोर्डो मलमाची कृती अशी : एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात विरघळवावे, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या भांड्यात पाच लिटर पाण्यात भिजवावा, भांडी लोखंडाची नसावीत, नंतर दोन्ही एकत्र ढवळून मलम त्याच दिवशी वापरावे. बहुतेक मालक गड्यास एवढेच सांगतात. परंतु चुना जुना किंवा फुकट गेलेला असला, तर मोरचूद पूर्णपणे मारला जात नाही व त्याची आम्लता सालीस भाजते. याची परीक्षा अगदी सोपी आहे. लोखंडाचे घासलेले स्वच्छ पाते मिश्रणात क्षणभर बुडवावे. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा राहिला आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. ज्या गड्यास केवळ हुकूम मिळाला, तो पाते बुडविणार नाही. ज्यास कारण कळले, तो चुना बदलला की आपण होऊन परीक्षा घेईल. आणि एखादे दिवशी मालकच घाईत असला, तर त्यास थांबवीलही. हुकूम एका दिवसापुरता उपयोगी पडतो. कारण कळले तर ते न सांगितलेल्या प्रसंगीही उपयोगी पडते.

तरुणांकडून वडीलधाऱ्यांनी शिकण्याची ही गोष्ट काही आपल्याकडेच नवी नाही. अमेरिकेच्या ओहायो प्रांतात ए. बी. ग्रॅहॅम नावाच्या शाळाधिकाऱ्याने १९०२ साली शेतकऱ्यांच्या मुलामुलींची एक मंडळी स्थापिली. मुले मक्याचे निवडक बी लावीत, रंग बदलणाऱ्या कागदाने मातीची परीक्षा करीत, आणि आपापल्या वाफ्याची नोंद ठेवीत. मोठे शेतकरी सरकारी व्याख्यानांस दाद देत नसत. परंतु स्वतःच्या बांधाच्या आत मुलाचा मका आपल्यापेक्षा उंच वाढलेला पाहिल्यावर त्यांस मान्य करणे भाग पडे. दक्षिण कॅरोलायना प्रांतातील जेरी मूर या पंधरा वर्षांच्या मुलाने १९१० साली एका एकरात २२८ बुशेलांहून अधिक, म्हणजे सुमारे ५८ क्विंटल मका काढून सर्वांस थक्क केले. ही मुले पगारी नोकर नव्हती, हे खरे. परंतु त्यांस स्वतःचा एक एकर व स्वतःची वही मिळाली होती, आणि निकाल सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. गड्याच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते.

आपल्याकडे याच जातीची एक सोय आहे, तिचा आपण पुरेसा लाभ घेत नाही. परभणी येथील कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. तेथील पदवीच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यांत येऊन राहतात. लोक त्यांस कृषीदूत व कृषीकन्या म्हणतात. ते बीजप्रक्रिया, मातीचा नमुना घेणे, बोर्डो मिश्रण करणे इत्यादी प्रयोग करून दाखवितात. अशा प्रसंगी ओसरीवर मालक बसतात, छायाचित्र निघते, आणि ज्याच्या हातून उद्या बीजप्रक्रिया व्हावयाची तो गडी मात्र त्या वेळी रानात असतो! सोयाबीनच्या बियाण्यास बुरशीनाशक आधी व जिवाणू संवर्धक सर्वांत शेवटी लावावे, एरव्ही जिवाणू मरतात, ही गोष्ट मालकाने ऐकून उपयोग काय? ती बियाणे चोळणाऱ्या हातास कळली पाहिजे. सबब, अशा प्रयोगाच्या वेळी गड्यास पुढे बसवावे, आणि प्रयोग त्याच्याच हातून करवून घ्यावा.

येथवर तरुण काय देतो ते सांगितले. परंतु यावरून जाणत्याचे महत्त्व कमी झाले असे कोणी समजू नये. पत्रकात न मावणारे ज्ञान पुष्कळ आहे. मोसंबीस आंबे बहारासाठी ताण द्यावयाचा तो मध्यम जमिनीत महिना-दीड महिना व भारी जमिनीत त्याहून अधिक, असे पुस्तकात लिहिलेले असते. परंतु पाने कितपत निस्तेज झाली म्हणजे पाणी सोडावे, हे अनेक हंगाम पाहिलेला डोळाच सांगतो. तसेच कलमांचे. रंगपूर किंवा जंबेरीच्या खुंटावर जमिनीपासून सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीवर डोळा बांधतात, आणि लागवडीच्या वेळी तो जोड मातीच्या वर ठेवितात. खड्डा भरणारा नवखा गडी झाड घट्ट बसावे या सद्धेतूने जोडापर्यंत माती चढवितो. त्या दिवशी काहीच दिसत नाही. चार-पाच वर्षांनी, ऐन फळावर आलेल्या झाडाच्या बुंध्यातून डिंक गळू लागतो व झाड वठते. तोवर तो गडीही निघून गेलेला असतो, आणि मालक दैवास दोष देतो. वास्तविक दोष त्या दिवसाचा असतो, ज्या दिवशी खुंट कशासाठी व जोड उंच कशासाठी, हे दोन शब्दांत कोणी सांगितले नाही.

जालना जिल्ह्यास याचे आणखी एक घरचे उदाहरण आहे, ते बीजोत्पादनाचे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यास महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापिली. पुढे १९९८ साली त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित कपाशीचे व भेंडीचे बी हातांनीच तयार करावे लागते. सायंकाळी मादी झाडावरील उद्या उमलणाऱ्या कळीतील पुंकेसर काढावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे पराग त्या फुलास लावावयाचे, असे हे नाजूक काम आहे. ते मुख्यतः तरुण हातांनी, व पुष्कळ ठिकाणी स्त्रियांनी केलेले असते. एखादा पुंकेसर राहून गेला तर ते फूल स्वतःच्याच परागाने फळते, आणि असे बी पुष्कळ झाले तर सबंध माल शुद्धतेच्या परीक्षेत नापास होतो. येथे नुसती देखरेख पुरत नाही. हजारो कळ्यांवर कोण पहारा ठेवणार? ज्या शेतकऱ्याने टोळीतील जाणत्या बाईशेजारी नवखी मुलगी बसविली, प्रथम काही दिवस कळ्या कमी झाल्या तरी चालतील असे सांगितले, आणि चुकलेली कळी लपविण्याऐवजी तोडून टाकण्याची मुभा दिली, त्याचेच बी शुद्ध निघण्याचा संभव अधिक. चूक सांगणाऱ्यास शिक्षा केली की चुका बंद होत नाहीत, फक्त दिसेनाशा होतात.

हे झाले पैशाच्या नुकसानीचे. परंतु न शिकविण्याची किंमत कधीकधी प्राणांनी द्यावी लागते. २०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो लोकांस रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या हंगामात कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, हवा दमट व उष्ण होती, जोरदार पंप वापरात आले होते, निरनिराळी औषधे एकत्र मिसळली जात होती, आणि अंगावर संरक्षक कपडे नव्हते. यांतील प्रत्येक गोष्ट एखाद्या मजुरास खटकलीही असेल. परंतु रोजावर आलेल्या माणसाने 'मालक, वारा उलटा आहे,' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही. ही रीत नसणे हेही एक विषच होय.

प्रत्येक औषधाच्या बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो : तांबडा म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, निळा म्हणजे मध्यम, व हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. फवारणीपूर्वी हा त्रिकोण व औषधाचे प्रमाण गड्याने मोठ्याने वाचावे, आणि मालकाने ऐकावे. वाऱ्याच्या दिशेनेच चालणे, तोटी तुंबल्यास तोंडाने न फुंकणे, उपाशीपोटी फवारणी न करणे, काम होताच अंग धुऊन कपडे बदलणे, हे नियम सांगून भागत नाही. ते मालकासही लागू असले पाहिजेत. आणि गड्याने 'आज नको' म्हटल्यास त्या दिवसाचा रोज कापू नये. हा रोज कापला गेला तर पुढील वेळी तो बोलणार नाही.

आता यावर येणारा आक्षेप पाहू. 'गडी शिकवून तयार केला की तो वाळूजच्या किंवा चाकणच्या कारखान्यात निघून जातो, अगर शेजारी दोन हजार अधिक देऊन त्यास ओढून घेतो. मग आम्ही कोणासाठी शिकवावे?' हा आक्षेप पोकळ नाही. एकट्या शेतकऱ्याचा हिशेब पाहिला तर तो बरोबरच आहे. परंतु याचे उत्तर न शिकविणे हे नव्हे. न शिकविलेला गडी टिकला तर तो नुकसान करीत टिकतो. आणि ज्यास शेतात पुढे चढण्याची पायरीच दिसत नाही, तो तर सर्वांच्या आधी निघून जातो. कारखान्यात पगार जास्त असतो एवढेच नव्हे. तेथे आज मदतनीस असलेला उद्या यंत्रचालक होतो हे त्यास दिसते. शेतावर दहा वर्षे राबणारा मात्र दहाव्या वर्षीही सालगडीच.

या अडचणीवर जर्मनीने काढलेला तोडगा विचारात घेण्यासारखा आहे. तेथे शेतकरी होऊ इच्छिणारा तरुण सामान्यतः तीन वर्षे मान्यताप्राप्त शेतावर पगार घेऊन काम करितो व त्याच काळात शाळेतही जातो. शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळते. एका शेतकऱ्याने शिकविलेला तरुण दुसऱ्याकडे गेला, तरी तिसऱ्याने शिकविलेला पहिल्याकडे येतो. कारण शिकविण्याची रीत सर्वांची एक आहे. आपल्याकडे एवढी व्यवस्था आज नाही. परंतु शेतकऱ्यांच्या मंडळ्यांनी मनात आणले तर लहान प्रमाणावर ती करता येईल. पूर्वी वारंगुळ्याने एकमेकांचे काम उरकीत असू. तसेच शिकविण्याचेही करावे. आठ-दहा बागाइतदारांनी मिळून एकाच्या शेतावर कलमे, दुसऱ्याच्या शेतावर ठिबक, तिसऱ्याच्या शेतावर फवारणी, असे आपापल्या गड्यांचे शिक्षण वाटून घ्यावे. गड्यास जे काम उत्तम येऊ लागले त्याची नोंद मंडळीच्या वहीत व्हावी, आणि त्या नोंदीप्रमाणे त्याचे साल वाढावे. मग तो शेजाऱ्याकडे गेला तरी गावाचे काही गेले नाही.

स्वतःच्या शेतापुरते मात्र प्रत्येकास आजच आरंभ करता येईल. काम सांगताना कारण सांगावे. नव्या गड्यास प्रथम नासाडी न होणारे काम द्यावे, पण जाणते काम दिसेल अशा ठिकाणी. ठिबकावरील गड्यास झडप उघडण्यापुरते न ठेविता दाबमापकाचे आकडे वहीत लिहावयास सांगावे. गाळणीच्या अलीकडील व पलीकडील दाबांतील फरक वाढू लागला की गाळणी धुवावयाची, हे त्यास आपोआप उमजेल. वर्षातून एक वाफा त्याच्या विचाराने करू द्यावा, आणि निकाल चांगला आल्यास तो त्याच्या नावाने सांगावा. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या आदल्या दिवशी म्हणा, चहाच्या वेळी त्यास विचारावे की, या आठवड्यात शेतात तुला काय चुकीचे दिसले?

पहिल्या एक-दोन वेळा तो काहीच बोलणार नाही. तिसऱ्या वेळी बहुधा एखादी क्षुल्लक गोष्ट सांगेल. गळकी नळी, गंजलेली तोटी, जोडावर चढलेली माती. ती ऐकून घेऊन त्याच दिवशी दुरुस्त करावी. मालक ऐकतो, ही खात्री गड्यास पटण्यास एवढे पुरेसे होते. आणि त्यानंतर जे ऐकावयास मिळेल, ते कोणत्याही व्याख्यानात मिळणार नाही.